वाकळ, लोकर आणि रिकामा तास

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावर लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार. आम्ही मात्र सुई, दोरा आणि लोकर यांवर लिहिणार आहोत. हे वाचून काही माजी विद्यार्थ्यांना हसू येईल, आणि ते योग्यच आहे. वेळापत्रकातील कार्यानुभवाचा तास काढून त्या जागी शिष्यवृत्ती परीक्षेच्या गणिताची जादा तासिका बसवावी, असा आग्रह शिक्षकांच्या बैठकीत ज्यांनी धरला, त्यांत आम्ही सर्वांत पुढे होतो. “आपल्या मुलांना विणकाम शिकवून काय करायचे आहे? त्यांच्या बापजाद्यांनी हातांनी पुष्कळ केले, आता यांना डोक्याने करू द्या,” हे आमचे त्या बैठकीतील वाक्य. त्याला कोणी विरोध केला नाही. विणकाम-शिवणकामाच्या सामानाची पेटी माळ्यावर गेली.

करोनाची दुसरी लाट ओसरून वसतिगृह पुन्हा सुरू झाले, तेव्हा आठवीतील एक मुलगा वडिलांवाचून परत आला. कुटुंब ऊसतोडणीचे. मुलगा रडत नव्हता, जेवत होता, विचारले तर उत्तर देत होता. त्यामुळे तो सावरला आहे असे आम्ही सर्वांनी सोयीस्करपणे ठरवून टाकले. रात्री दिवे मालवल्यावर तो अंथरुणावर नुसता बसून राहतो, हे फक्त स्वयंपाकघरातील मावशींच्या लक्षात आले, कारण पहाटेच्या भाकरीसाठी त्याच सर्वांत आधी उठत. त्यांनी सायकलीच्या दोन तारा टोकाला घासून गुळगुळीत केल्या, एका जुन्या स्वेटरची लोकर उसवून तिचा गुंडा केला आणि त्या मुलाला टाके घालायला शिकविले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मुलगा मफलर विणू लागला.

अभ्यासाच्या तासाला बाकाखाली तो विणताना आम्हांस दिसला. आम्ही ते विणकाम काढून घेतले आणि आमच्या कपाटात हजेरीपुस्तकांच्या खाली ठेवून दिले. शिस्तीच्या दृष्टीने त्यात काही वावगे केले असे तेव्हा वाटले नाही. आठ दिवसांनी मावशी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “सर, त्येची लोकर द्या त्येला. पोरगं परत जागं ऱ्हायलंय. अभ्यास करतंय का न्हाई ते तुमी बघा. झोपतंय का न्हाई ते मी बघती.”

आम्ही कपाट उघडले. त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. त्याचे गुण वाढले नाहीत. पण रात्री वीतभर विणून झाले की तो आडवा होऊ लागला. पुढे एक गोष्ट ध्यानात आली. मफलर विशिष्ट लांबीचा झाला की तो उसवायचा आणि पहिल्यापासून पुन्हा विणायचा. का, असे विचारल्यावर म्हणाला, “संपला तर मग काय करू, सर?”

त्या रात्री आम्हांस आमच्या आईची वाकळ आठवली.

1978 सालची गोष्ट. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै रोजी राज्याच्या विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांच्या वस्त्या पेटविल्या जाऊ लागल्या. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. आमची थोरली मावशी परभणीकडे दिलेली. फोन असण्याचा प्रश्नच नव्हता. पत्र येत नव्हते. येणारी प्रत्येक एस.टी. नवी अफवा घेऊन येत होती. पुरुष चावडीपाशी, स्टँडवर जाऊन बातम्या गोळा करीत. बायकांना ती सोय नव्हती. रात्री आमच्या घरात चिमणीच्या उजेडात वस्तीतील तिघीचौघी जमत. दोन जुन्या लुगड्यांच्या मध्ये फाटक्या कपड्यांचे थर अंथरलेले असत. चार बाजूंना चौघी बसत आणि कडेपासून मधल्या दिशेने धावदोऱ्याचा टाका घालीत जात. फारसे कोणी बोलत नसे. ज्या बाजूला टाके वाकडे पडत, त्या बाजूच्या बाईकडे आई नुसती पाही. आणि ती बाई उसवून पुन्हा घाली. “रात्रीचं डोळं फोडून का शिवतीस?” असे आम्ही विचारले, तेव्हा आई म्हणाली होती, “हात रिकामा बसला की डोकं माणसाला खातं, बाबा.”

अकरा दिवसांनी निरोप आला. मावशीचे घर जळाले होते. माणसे वाचली होती. त्या दिशेने जाणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर आईने ती वाकळ धाडली. शेवटचे दोन हात शिवायचे राहिले होते, ते मावशीने तिकडे पुरे केले असावे.

पुढे इतिहासात एम.ए. करताना नामांतराच्या लढ्यावर जे मिळाले ते आम्ही वाचले. ठराव, मोर्चे, तुरुंग, हुतात्मे, 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार, सर्व काही त्यांत आहे. ज्या बायकांनी ते दिवस वेड न लागता काढले, त्यांनी ते कशाच्या आधाराने काढले, हे आमच्या वाचनात कोठे आले नाही. आम्हीही तो प्रश्न विचारला नव्हता. घरी वाकळ पांघरून झोपत होतो आणि पुस्तकात इतिहास शोधत होतो.

आता आक्षेपाकडे वळू. कारण तो आमचाच होता आणि तो उथळ नाही. सुताशी आपल्या समाजाचा हिशेब कडवट आहे. सोलापूर जिल्ह्याला सूत परके नाही. शहरात पहिली कापड गिरणी 1877 साली उभी राहिली आणि सोलापुरी चादर आज देशभर ओळखली जाते. विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजातील अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा होता. गिरणीच्या कापडाने तो मोडला. मग ही माणसे पोटासाठी गिरण्यांकडे वळली, तर मुंबईत काय अनुभव आला? कातण खात्यात अस्पृश्यांना घेत. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र घेत नसत. धोट्यातील दोरा तुटला की विणकर तो तोंडाने ओढून घेई, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला दोरा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही एका दोऱ्याचा विटाळ सोडवत नव्हता.

याच काळात देशात चरख्याचा गौरव चालला होता. हातश्रमात आत्मशुद्धी आहे, खेड्यात समाधान आहे, असे सांगितले जात होते. बाबासाहेबांना ते मान्य नव्हते. ‘जातिनिर्मूलन’ या 1936 च्या निबंधात त्यांनी दाखविले की जात केवळ कामे वाटून देत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच बंद कप्प्यांत टाकते. 1945 मध्ये काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू उघडपणे घेतली. दिवसभर पशूसारखे राबणाऱ्या माणसाला संस्कृती लाभत नाही. त्याला फुरसत हवी आणि ती यंत्राशिवाय मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ते केवळ लिहून थांबले नाहीत. केंद्रात श्रमखाते त्यांच्याकडे असताना 1946 साली कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली.

शिक्षकांच्या बैठकीत आम्ही याच विचाराचा आधार घेतला होता. पण तो अर्धाच घेतला होता. बाबासाहेबांनी फुरसत मागितली. त्या फुरसतीत हात बांधून बसावे, असे सांगितले नाही. राजगृहात हजारो पुस्तके जमविणाऱ्या त्या महापुरुषाने उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते. ते काही कोणा सत्तेने लादलेले काम नव्हते, त्यातून मजुरी मिळणार नव्हती आणि परीक्षाही द्यायची नव्हती. जातीने लादलेले काम आणि आपल्या वेळात आपण निवडलेले काम यांत हात तेच असतात. माणूस मात्र वेगळा असतो. आमच्या आईने दिवसा 1972 च्या दुष्काळात खडी फोडली. त्या खडीची आठवण तिने कधी कौतुकाने काढली नाही. रात्रीच्या वाकळीविषयी मात्र ती तासभर बोलत असे. कोणते लुगडे कोणाचे, कोठला तुकडा कोणाच्या पहिल्या शाळेच्या सदऱ्याचा, हे तिला डोळे मिटून सांगता येई. खडी मुकादमाची होती. वाकळ तिची होती.

धम्माच्या दृष्टीने पाहावे तर सुई आपल्याला उपरी नाहीच. भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्या बरोबरीने सुई आहे. घरदार, सोनेनाणे सोडून निघालेल्या माणसाने जवळ ठेवावयाच्या मोजक्या वस्तूंत ती बसली. चीवर हेही मूळचे ठिगळांचेच वस्त्र. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला तशा आकृतीचे चीवर करता येईल का असे विचारले आणि आनंदाने तुकडे जोडून ते सिद्ध केले, असे विनयपिटकात सांगितले आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत तर एक सुंदर प्रसंग आहे. अनुरुद्ध स्थविरांचे जीर्ण चीवर बदलावयाचे होते, तेव्हा भिक्खुसंघ एकत्र शिवायला बसला. सारिपुत्त, महाकस्सप, आनंद हे ज्येष्ठ स्थविर शिवीत होते आणि शास्ता स्वतः सुईत दोरा ओवून देत होते. अट्ठकथा मूळ वचनांपेक्षा पुष्कळ उत्तरकालीन आहे, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगणे आम्हांस भाग आहे. पण ज्या परंपरेने ही कथा जपली, तिला बुद्धाच्या हाती सुई देताना कमीपणा वाटला नाही, हे त्यातून नक्कीच सिद्ध होते. (विनयात सुईची डबी हस्तिदंताची, हाडाची वा शिंगाची करू नये असाही नियम आहे. साधी वस्तूसुद्धा मिरविण्याची होऊ शकते, हे तेव्हाही ठाऊक होते.)

येथे एक खुलासा करावा लागेल. विणकाम म्हणजे ध्यान, असे आम्ही म्हणत नाही. आनापानसतीत श्वासावर लक्ष ठेवावयाचे असते आणि त्यामागे चित्ताला जाणण्याचा हेतू असतो. मफलर विणणाऱ्या मुलाचा तसा हेतू नसतो. त्याला फक्त आजची रात्र काढायची असते. पण ज्याला डोळे मिटून पाच मिनिटे बसवत नाही, कारण डोळे मिटले की नको तेच दिसते, त्याला डोळे उघडे ठेवून करण्याजोगे काहीतरी हवे असते. टाके मोजावे लागतात, म्हणून मन फार लांब जात नाही. दोन्ही हात एका लयीत चालतात, म्हणून श्वासही हळूहळू लयीत येतो. चुकले तर उसवता येते, आणि उसवलेली लोकर वाया जात नाही. आयुष्यात किती चुकांच्या बाबतीत असे म्हणता येईल? शिवाय काल एवढे होते, आज एवढे झाले, हे डोळ्यांना दिसते. संकटाच्या काळात आपल्या हातून काही घडते आहे, हा अनुभवच माणसाला पारखा झालेला असतो.

2013 साली ब्रिटनमधील व्यवसायोपचार विषयाच्या एका नियतकालिकात 3,545 विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. 31 देशांतील लोकांनी तीत उत्तरे दिली होती. जे वारंवार विणतात, त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. अनेक जण एकत्र बसून विणण्यानेही बरे वाटत असल्याचे नोंदले गेले. या आकड्यांना आम्ही फार डोक्यावर घेणार नाही. उत्तरे देणारे सगळे मुळात विणकामाचे चाहतेच होते. ज्यांनी कंटाळून सुया टाकून दिल्या, त्यांना कोणी विचारले नाही. तरीही आमच्या आईच्या वाक्याला इतक्या लांबून इतक्या लोकांची साक्ष मिळावी, याचे बरे वाटले.

अशा सांत्वनाने माणूस थंड होतो, अन्यायाविरुद्धचा त्याचा राग विझतो, असेही एक सहकारी आम्हांस म्हणाले. त्यांना आम्ही सोजर्नर ट्रुथ यांचे छायाचित्र दाखविले. न्यूयॉर्क राज्यात गुलामीत जन्मलेल्या, पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी अमेरिकाभर सभा गाजविणाऱ्या या बाईंनी 1864 च्या सुमारास स्वतःची छायाचित्रे काढवून घेतली व ती विकून आपल्या कार्याचा आणि निर्वाहाचा खर्च भागविला. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात त्या ताठ बसल्या आहेत, अंगावर शाल आहे आणि हातात अर्धवट विणकाम व लोकर आहे. ज्या गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, त्या लढ्यातील ही अग्रणी स्त्री. छायाचित्रात आपण कशा दिसावे हे त्यांनी स्वतः ठरविले होते, आणि त्यांनी लोकर निवडली. पूर्वी त्यांच्या हातांवर मालकाचा हक्क होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवडीचा अर्थ कळतो.

त्याच देशात अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे नदीच्या वळणातील एक गाव आहे. तेथील काळ्या स्त्रिया, पूर्वीच्या गुलामांच्या लेकीसुना, शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून आपल्या वाकळीसारखीच पांघरुणे शिवीत आल्या. मिसूरी पेटवे यांनी 1942 मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांच्या कामाच्या कपड्यांचे पांघरूण शिवले. त्यांची आठवण राहावी आणि त्याखाली झोपता यावे म्हणून. त्यांना शिवायला मदत करणाऱ्या मुलीने पुढे हे सांगून ठेवले आहे. 1966 मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी पांघरुणे विकणारी सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदविल्याबद्दल लोकांना कामावरून, घरातून काढले जात होते, तो हा काळ. 2002 साली जीज बेंडची पांघरुणे न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात भिंतींवर लागली. आपल्या वाकळी मात्र आपण काय केल्या? घर सिमेंटचे झाले, मुलगा नोकरीला लागला, की पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्या पहिल्यांदा माळ्यावर गेल्या, आणि त्यानंतर गाड्या पुसायला. आमच्या घरीही हेच झाले. आईची शेवटची वाकळ वाचली ती केवळ तिने ती आम्हांस न विचारता एका नातीच्या बाळंतपणात पाठवून दिली म्हणून.

सुया-लोकरीने सर्व दुःख निवारण होते, असा भ्रम कोणी पालकाने करून घेऊ नये. ज्या घरावर उचल फिरलेली नाही, त्या घराचे कर्ज मफलरने फिटत नाही. मूल अनेक दिवस झोपेना, जेवेना, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर त्याला विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. 14416 या शासनाच्या विनामूल्य क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीतही मिळतो. देवऋषाकडे, अंगारे-धुपाऱ्यांकडे तर जाऊच नये; बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांनाही हे पुन्हा सांगावे लागते, याचा खेद वाटतो.

आमची सूचना लहान आहे. वसतिगृहात शनिवारी दुपारचा एक तास मोकळा ठेवावा. त्याला गुण नसावेत, प्रदर्शन नसावे, पाहुण्यांना भेट देण्यासाठी वस्तू करवून घेणे तर मुळीच नसावे. तसे झाले की ती पुन्हा वेठ झाली. मुलींना लोकर आणि मुलांना क्रिकेटची बॅट, अशी वाटणी आम्हांस मान्य नाही. ज्या मुलाला बॅट हवी त्याने बॅट घ्यावी, ज्या मुलीला हवी तिनेही घ्यावी. पण वर्गातील सर्वांत दांडगा मुलगाही आपल्या इच्छेने सुया हाती घेऊन बसला, तर त्याला कोणी हसणार नाही, एवढी जबाबदारी शिक्षकांची. आम्ही स्वतः मावशींकडून सुलट टाका शिकलो आहोत. उलट टाका अजून जमत नाही. त्या म्हणतात, सरांचा हात फार आवळ आहे.

तो मुलगा आता पुण्याला आय.टी.आय.मध्ये शिकतो. दिवाळीत टेंभुर्णीच्या स्टँडवर भेटला, तेव्हा गळ्यात काही नव्हते. मफलरचे विचारायचे आमच्या मनात आले होते. पण गाडी लागली होती, आणि तो हसत होता, म्हणून विचारले नाही.

माळ्यावरची पेटी उतरविली आहे. निम्म्या सुया गंजल्या आहेत, लोकरीला कसर लागली आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शाळेत येताना घरातील जुनी सुती लुगडी, साड्या, धोतरे धुऊन, वाळवून आणावीत. रेशमी वा नायलॉनची नकोत, त्यांत टाका धरत नाही. कोणाच्या आईला, आजीला वाकळ घालता येत असेल, तर त्यांनाही एखाद्या शनिवारी सोबत आणावे. चौथी बाजू धरायला माणूस कमी पडते.